रोलरवाल्याच्या मुलीची इयत्ता

आमच्या शाळेला भिंती चार आणि वर्गही चारच, त्यामुळे हिशेब सोपा होता. दाराकडची भिंत पहिलीची, तिच्या डावीकडची दुसरीची, खिडकीची तिसरीची आणि फळ्याची चौथीची. गुरुजी मधोमध खुर्ची टाकून बसत. खुर्ची ज्या भिंतीकडे वळेल त्या वर्गाचा धडा सुरू, बाकीच्यांनी पाटीवर काहीतरी खरडत बसायचं. वर्ष संपलं की आपलं बसकर उचलायचं आणि पुढच्या भिंतीला जायचं, झालो पास. तिसरीच्या खिडकीतून विहीर दिसे, रस्ता दिसे, येणारीजाणारी माणसं दिसत. फळ्याच्या भिंतीवरून मात्र नुसते गुरुजींचे गुडघे दिसत. म्हणून आमच्याकडे तिसरीत नापास होणाऱ्यांचं प्रमाण फार.

आमच्या हिच्या माहेरी आणखी वेगळा प्रकार. तिथं पहिलीच्या आधी बिगरी असे. ती बिगरी ते तिसरी शिकली, मी पहिली ते चौथी. वर्षं दोघांची सारखीच, पण चौथी ही तिसरीच्या वरची, तेव्हा जास्त शिकलेला मी, असं माझं म्हणणं. तिचं म्हणणं, तुम्ही उंडारत होता तेव्हा मी बिगरीत अक्षरं गिरवत होते. हा वाद लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला आणि दोघांपैकी एकजण गेल्याशिवाय मिटायचा नाही.

इयत्तांची ही अशी गंमत मी आयुष्यभर सांगत आलो. ती गंमत कुणाच्या अंगावर येऊन बसू शकते, हे मला मागच्या दोन खोल्यांत रोलरवाला राहायला आला तेव्हा कळलं.

रोलरवाला म्हणजे रस्त्याची दबाई करणारं मशीन चालवणारा. आमच्या शहराला वळसा घालून जाणारा रस्ता निघाला होता, त्या कामावर तो आला. बरोबर बायको आणि एक मुलगी. माणूस अंगानं आडवा, बोलायला सावकाश, आणि मान खांद्यांत अशी रुतलेली की वरून कुणी दाबल्यासारखी. दिवसभर मशीनवर हादरे खाऊन यायचा आणि मागच्या पायरीवर बसायचा. बायको त्याला चहा अर्धाच कप द्यायची. पहिल्यांदा मला वाटलं, बाईचा हात आखडता दिसतो. मग पाहिलं, तर त्याच्या हातातला कप बशीवर टकटक वाजत होता. भरून दिला असता तर निम्मा पायावर सांडला असता. त्याची बायको आमच्या हिला म्हणाली, दिवसभर मशीन हलतं, संध्याकाळी हे हलतात, आणि रात्री हे झोपले की मला पलंग हलल्यासारखा वाटतो. हसत म्हणाली, पण हसणं ओठांच्या वर गेलं नाही.

तिला सारखं कुठंतरी निघायच्या तयारीत असण्याची सवय लागलेली होती. ट्रंक कधी पूर्ण रिकामी केली नाही. लागेल ते वरच्यावर काढायची, धुवून पुन्हा तिथंच ठेवायची. आमच्या हिनं तिला एक वेल दिला कुंडीत, तर म्हणाली, काकू, तुमच्याच दारात राहू दे, मी पाणी घालीन. घरी बसून शाळेच्या गणवेशांच्या कडा दुमडायचं काम करायची. दुकानदार गठ्ठा आणून टाकी, ती खिडकीशी बसून दुमडत राही. मान वर करायची ती फक्त सुईत दोरा ओवायला.

आणि मुलगी. घरात तिला छकुली म्हणत, आणि ती आईपेक्षा वीतभर उंच. हाडापेरानं मोठी, तरतरीत, पण चालताना उगाच खांदे पाडून चालणारी. उंच मुलांना ही खोड असते, पण हिची जरा जास्तच होती. आली त्या दिवशी मी आपलं नेहमीचं विचारलं, कितवीत आहेस गं बाळ? म्हाताऱ्यांना मुलांशी बोलायला दुसरं काही सुचत नाही. तर ती म्हणाली, "कुठल्या रस्त्याची सांगू, आजोबा?"

मला वाटलं थट्टा करते. थट्टा नव्हती. या घरात ठिकाणांना नावं नव्हती, रस्ते होते. धरणाचा रस्ता, बंदराचा रस्ता, घाटाचा रस्ता. मी पायरीवर बैठक मारली आणि तिनं सगळं सांगितलं, एखाद्या दमलेल्या कंडक्टरनं थांबे सांगावेत तसं.

धरणाच्या रस्त्यावर तिला लवकर बालवर्गात घातलं होतं. तिथं ती दुसरी पास झाली. मग बंदराच्या रस्त्यावर आली, तर तिथं बालवर्ग नावाचा प्रकारच नाही. मुलं चांगली मोठी होऊन थेट पहिलीत यायची. एवढीशी पोर दुसरी पास कशी, हे तिथल्या बाईंच्या पचनी पडेना. बसवली पुन्हा दुसरीत. मग तिसरी आणि चौथी तिथंच नीट झाली. त्या शहरात खालची शाळा पाचवीपर्यंत होती. पण पाचवीच्या आतच घाटाचा रस्ता निघाला, आणि घाटावर खालची शाळा चौथीतच संपायची. पाचवी वेगळ्या इमारतीत, आणि त्या इमारतीत शिरायचं तर खालची शाळा पूर्ण केल्याचा दाखला पाहिजे. हिची चौथी बंदरावरची, तिथं चौथी म्हणजे काही शेवट नव्हे, मग दाखला कुठून असणार? बसवली पुन्हा चौथीत. घाटावर सारख्या दरडी पडायच्या, रस्ता रेंगाळला, म्हणून पाचवी, सहावी, सातवी सलग मिळाल्या. तेवढं एक बरं झालं, असं ती म्हणाली. आई मात्र खिडकीतून म्हणाली की दरडींखाली दोन माणसं गेली, त्यात बरं काय गं.

घाटावर वर्गात सगळी तिला काकू म्हणायची, हेही तिनंच सांगितलं. घरात छकुली, वर्गात काकू. मी हसलो, तीही हसली. मग म्हणाली, पहिल्यांदा वाईट वाटतं आजोबा, नंतर हाक आली की आपण वळतो.

आता इथली गोष्ट. आमच्या शहरात खालची शाळा सातवीपर्यंत आणि मोठी शाळा आठवी ते दहावी. दोन्ही एकाच मैदानाच्या दोन टोकांना. मोठ्या शाळेत शिरायला खालची पूर्ण झालेली हवी. घाटावर मात्र मधली शाळा पाचवी ते आठवी, म्हणजे हिची सातवी तिथं पुन्हा मध्येच कुठंतरी. माझ्या हे आधी लक्षातच आलं नाही. मला वाटलं सातवी झाली म्हणजे आठवी, खिडकीनंतर फळा, इतका साधा हिशेब.

शाळा सुरू व्हायच्या आधी रोलरवाला मला म्हणाला, तुमची शाळेत ओळख आहे, चला जरा बरोबर. आम्ही तिघं गेलो, तो, मुलगी आणि मी. दोन्ही शाळांचं पाहणाऱ्या मोठ्या बाई एकच. खोलीत कपाटांवर नकाशांच्या गुंडाळ्या, खिडकीत मोडक्या खडूंचा डबा, वर करकरणारा पंखा. बाई कपाळ दाबत बसल्या होत्या. सकाळपासून आमच्यासारखे कितीजण येऊन गेले असतील देव जाणे. वाईट नव्हत्या त्या, थकलेल्या होत्या. मुलीचे कागद वरपासून खालपर्यंत पाहिले, पुन्हा पाहिले आणि चष्मा काढून म्हणाल्या, "हिचं पूर्ण काय झालंय हो? जिथं गेली तिथून अर्ध्यात उठली."

मुलगी दाराशी उभी होती. तिनं खांदे आणखी पाडले.

बाईंनी समजावून सांगितलं. एक तर सातवी इथं करावी, म्हणजे खालची शाळा पूर्ण झाल्याचा दाखला मिळेल. नाहीतर आठवीची प्रवेश परीक्षा असते, ती द्यावी. पण परीक्षेनं घेतलेलं मूल दहावीपर्यंत इथंच राहील, असं पालकांनी कबूल करावं लागतं. मोठ्या शाळेत जागा मोजक्या, मध्येच कुणी उठून गेलं तर ती जागा वाया जाते. रस्त्याच्या, पुलाच्या कामावरची मुलं अशीच जातात, आणि वरचे साहेब जाब मला विचारतात, असं त्या म्हणाल्या.

रोलरवाल्यानं क्षणभरही विचार केला नाही. त्याचा रस्ता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उरकणार होता. "बसवा सातवीत," तो म्हणाला, "पाया पक्का होईल."

आता हा माणूस मुलीचा वैरी होता का? मुळीच नाही. परतताना त्यानं मला सगळं समजावलं, आणि मला वाटतं त्या दिवशी तो महिन्याभराचं बोलला. रस्ता थराथरानं होतो. आधी मुरूम, मग जाडी खडी, मग बारीक, सगळ्यात वर डांबर. खालचा थर बसल्याशिवाय वरचा टाकायचा नाही. मुकादम कितीही घाई करो, कच्च्या थरावर डांबर टाकलं की पहिल्या जड गाडीला रस्ता खचतो. आणि दबाई करताना दर फेरीला मशीन आधीच्या फेरीवर निम्मं चढवायचं, म्हणजे मध्ये पट्टा सुटत नाही. त्यामुळे कुणी म्हणालं की पोरीला एक वर्ष मागे बसवा, तर त्याला ते नुकसान वाटतच नसे. निम्मं मागच्यावर चढवून पुढं जायचं, यात चुकीचं काय? उलट शाळेतले लोक आपल्यासारखाच विचार करतात म्हणून त्याला बरं वाटे. दुसरी दोनदा झाली, चौथी दोनदा झाली, बघा कशी घट्ट बसली असेल, असं म्हणाला. मी हो हो म्हणालो. बोलण्यात तथ्य आहे असंच मला वाटलं. मुलगी आमच्या मागून चालत होती, तिला काय वाटलं ते मी मागे वळून पाहिलं नाही.

शाळा सुरू झाली आणि मुलगी गेली नाही. रडली नाही, भांडली नाही. सकाळी उठली, केर काढला, आणि आईशेजारी बसून गणवेशाची कड दुमडायला घेतली. बापाला वाटलं बरं नसेल. दुसऱ्या दिवशीही तेच. आईनं विचारलं तर म्हणाली, मी आठवीत बसेन, नाहीतर इथं बसेन, सातवीत पुन्हा बसणार नाही. आईनं समजावलं, आमच्या हिनं समजावलं, मीही दोन गोष्टी सांगितल्या. तिसरीत तीन वर्षं काढून पुढं मोठा व्यापारी झालेल्या आमच्या वर्गातल्या एकाचीही सांगितली. ती म्हणाली, "त्याला खिडकी होती, आजोबा." सुई थांबली नाही.

आणि हात तिचा फार चांगला होता, पंचाईत तीच. टाका बारीक, कड सरळ, आईच्या निम्म्या वेळात गठ्ठा खाली. दुकानदार पाहून खूश झाला, म्हणाला, वहिनी, तुमची चिंता मिटली. त्या दिवसापासून आईची झोप उडाली. आमच्या हिला म्हणाली, काकू, ती वाकून बसली ना की मला मागून माझीच मान दिसते.

त्याच आठवड्यातली संध्याकाळ. रोलरवाला पायरीवर, मी त्याच्याजवळ लसूण सोलत बसलेलो, कारण आमच्या घरात बसून राहणाऱ्या माणसाच्या हातात लसूण देण्याची पद्धत आहे. त्याची बायको बाहेर आली, अर्धा कप त्याच्यापुढं ठेवला, आणि आत न जाता तिथंच उंबऱ्यावर टेकली. मी उठायला लागलो तर म्हणाली, बसा काका, तुमच्यापुढं बोललेलं बरं.

मग नवऱ्याला म्हणाली, "एक विचारू? खडीवर किती वेळा फिरवता तुम्ही?"

"बसेपर्यंत," तो म्हणाला.

"आणि बसल्यावरही फिरवतच राहिलं तर?"

त्यानं कप उचलला होता तो तसाच धरून ठेवला. तो बायकोकडे पाहिना, समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. मला वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. पण प्रश्न त्याच्याइतका कुणाला कळणार?

"फुटते," तो म्हणाला. "मग ती कशालाच कामाची नाही. भुगा होतो."

आतून मुलीनं दातानं दोरा तोडल्याचा आवाज आला. तो म्हणाला, मग मी काय करू, रस्ता सोडू? दुसरं काही येतं का मला? ती म्हणाली, "तुम्ही रस्ता करा. आम्ही इथं थांबतो."

मी बायकांची पुष्कळ भांडणं ऐकली आहेत, आमच्या हिची तर तोंडपाठ आहेत. पण इतक्या हळू आवाजात कुणी एवढं मोठं बोललेलं ऐकलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती बाई त्याच्या मशीनच्या मागं मागं आली होती. मशीन तर पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं जातं, तरी तिला कधी ते गाठून बसायला मिळालं नाही. आता ती म्हणत होती, तुम्ही व्हा पुढं.

त्यानं चहा प्यायला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, काका, दहावी होईपर्यंत खोल्या द्याल का? मी म्हणालो, खोल्यांना पाय नाहीत. एरवी या वाक्यावर मी स्वतःच हसलो असतो, पण त्या दिवशी हसायला सुचलं नाही.

परीक्षेला मुलगी नको म्हणत होती. म्हणाली, नापास झाले तर काकू ती काकू, वर ढ. आईनं एवढंच सांगितलं की मीही माझं काहीतरी सोडलंय, तू भीती सोड. गणित मोठ्या बाईंनी स्वतः तपासलं. दोनदा केलेली चौथी भक्कम निघाली, हे सांगायलाच हवं, अपूर्णांकात एक चूक नाही. पण शास्त्रात अगदी काठावर सुटली, कारण घाटावर सातवीत ते वेगळ्याच क्रमानं शिकवत, आणि इथला अर्धा भाग तिनं ऐकलेलाही नव्हता. बाई म्हणाल्या, घेते, पण पोरीला त्रास होईल. रोलरवाल्यानं कबुलीखाली सही केली.

उन्हाळ्यात रस्ता झाला. कामगारांची टोळी गेली, तोही गेला. कुठल्याशा खाणीचा रस्ता निघाला होता. ट्रकवर मशीन चढवलं, त्याच्या शेजारी हा बसला. निरोपबिरोप काही नाही. बायको म्हणाली, वेळेवर जेवा. तो म्हणाला, हं.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही, म्हणजे रोजचंच आहे. बाई दुप्पट गठ्ठे घेते, कारण दोन ठिकाणचा संसार. मुलगी आता नववीत, शाळेतून येते, जेवते, शास्त्राचं पुस्तक घेऊन बसते आणि पुस्तकावर मान टाकून झोपते. वर्गात ती अजून सगळ्यांपेक्षा मोठीच आहे, आणि इथंही कुणीतरी काकू म्हणायला सुरुवात केलीच, मुलांना हे शिकवावं लागत नाही. रात्री जेवताना तिघांऐवजी दोघीच, त्यामुळे बोलणं कमी झालंय. आमची ही म्हणते, पूर्वी निदान दमलेला का होईना माणूस पायरीवर असायचा.

मध्यंतरी तो सुट्टीवर आला. दाढी वाढलेली, आणखी काळवंडलेला, मान आणखी आत. नेमकी त्याच दिवशी दोन्ही शाळांत पालकांची सभा होती. बायकोला गठ्ठा पोचवायचा होता, म्हणाली, तुम्हीच जा. तो न झोपता आलेला, तसाच तोंड धुवून गेला.

सभा सुटायची वेळ झाली तरी याचा पत्ता नाही. मुलगी शोधायला निघाली. मोठ्या शाळेत कुठंच नाही. शेवटी मैदान ओलांडून खालच्या शाळेत पाहिलं, तर हा सातवीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर. बारकं बाक, गुडघे वर आलेले, आजूबाजूला सातवीचे आईबाप. पाय त्याला आपोआप तिथं घेऊन गेले होते, असं नंतर म्हणाला. सातवीच्या बाई बोलत होत्या तेवढं सगळं त्यानं मान हलवत ऐकून घेतलं, आणि ऐकता ऐकता झोपला.

मुलीनं खांद्याला हात लावला. "बाबा, इकडे नाही. माझा वर्ग तिकडे."

तो दचकून उठला. सातवीच्या बाईंना हात जोडले, सगळ्या पालकांना जोडले. दोघं मैदानातून गेली. मोठ्या शाळेत नववी वरच्या मजल्यावर, आणि जिना चढताना तो मध्ये दोनदा थांबला. वर पोचली तेव्हा सभा संपून सगळे गेले होते, शिपाई खिडक्या लावत होता. मुलगी म्हणाली, जाऊ या बाबा, बाईंना मी सांगेन. तो म्हणाला, थांब जरा, तू कुठं बसतेस ते दाखव. तिनं खिडकीशेजारचं बाक दाखवलं. तो तिथं बसला, हात बाकावर ठेवले. शिपायानं मुलीकडे पाहिलं. तिनं हातानंच सांगितलं, ती एक खिडकी राहू दे थोडा वेळ.